सणाचं ताट, खाणावळीची पंगत

गुढीपाडव्याला दुपारी बाराच्या सुमारास पुण्यात आपटे रस्त्याच्या आसपास किंवा दादरला शिवाजी पार्काच्या बाजूला चक्कर मारली, की थाळीच्या हॉटेलांबाहेर माणसं ताटकळत उभी दिसतात. अंगावर नव्या साड्या आणि झब्बे, कडेवर पेंगुळलेलं पोर, आणि वहीत नाव लिहून आल्यावर सतत आत डोकावणारा घरातला कर्ता पुरुष. दाराशी फळा. त्यावर खडूने लिहिलेलं : श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, पंचामृत. खाली बारीक अक्षरांत : आज साधी थाळी मिळणार नाही. आणि रांगेतलेच कुणी आजोबा हमखास म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हती बुवा ही थेरं. सण म्हणजे घरी.’

म्हणायला ठीक आहे, पण इतिहास आजोबांच्या बाजूने साक्ष देत नाही. सणाचं गोडाधोडाचं ताट खाणावळीत वाढलं जाऊ लागलं त्याला शंभर वर्षं सहज होऊन गेली. पूर्वी तिथे ज्यांचं घर गावाकडे राहिलं होतं ती माणसं जेवत. आता ज्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे ती जेवतात. मधल्या काळात जे घडलं, ते हॉटेलच्या धंद्याइतकंच जातीचं, गिरण्यांचं आणि स्वयंपाकघरातल्या बाईचंही आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा पुण्याला बाहेर खाणं म्हणजे काय वाटत होतं, हे समजायला एक चहा पुरतो. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी हे त्यामागचे सूत्रधार. शहरातली बडी मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घोट घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळरावांनी ती नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात भडका उडाला. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे दाद मागितली, चौकशीसाठी मंडळ बसलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेऊन आपल्याच सुधारक मित्रांचा रोष ओढवून घेतला. एवढं सगळं चहापायी. पुरणपोळी तर सोडाच.

कारण सणाचा स्वयंपाक हा नुसता स्वयंपाक नव्हता, तो नैवेद्य होता. तो सोवळ्यात व्हायचा. ओलेत्याने किंवा धाबळी नेसून, शिवाशिव टाळून. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याच्या हातचं वरण कुठून चालणार? त्यामुळे परगावी राहणाऱ्या माणसाची पंचाईत होई. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मणाची पोरं एक तर माधुकरी मागत, नाही तर वार लावून जेवत : सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. सण ज्या वारी येईल त्या घरची पुरणपोळी पानात पडे, पंगतीच्या टोकाला बसून. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते याच मुलांसाठी.

ज्याच्या खिशात चार पैसे होते त्याच्यासाठी खाणावळ होती. पण तिथेही सोवळं पाठ सोडत नव्हतं. पाट्यांवर ‘ब्राह्मणांची’, ‘हिंदू’, ‘स्वच्छ’, ‘आरोग्य’ असे शब्द झळकत. दादरला १९१० मध्ये सुरू झालेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ आहे. आज तो शब्द नळाच्या पाण्याबद्दल आणि ओट्याबद्दल वाटतो. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला तो स्वयंपाक्याच्या जातीबद्दलही दिलासा देत असणार. टिळकांचं शेवटचं आजारपण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेलं आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथेच त्यांचं निधन झालं. सरदारगृह म्हणजे प्रवाशांची राहण्या-जेवणाची जागा. चहाच्या कपावरून प्रायश्चित्त मागणारं गाव ते पुढाऱ्याचा मुक्काम लॉजात असण्यात कुणाला वावगं न वाटणारा समाज, यात उणीपुरी तीस वर्षं गेली.

तिकडे मुंबईत सोवळ्यापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापडगिरणीची जुळवाजुळव केली, १८५६ मध्ये ती चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा टापू गिरणगाव झाला. कामाला आलेला कोकण्या किंवा घाटावरचा गडी बायकापोरं गावी ठेवून येई. दहा-पंधरा जण मिळून एक खोली, पाळीप्रमाणे झोपणं, आणि जेवायला खाणावळ. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. चाळीतलीच एक खोली, एक बाई, दोन चुली. भिंतीला पाठ लावून पाच-सहा जण बसणार, त्यांची ताटं उचलली की पुढचे. हिशेब महिन्याचा, पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी बाईच्या डोक्यावर.

गणपती आणि शिमग्याला कोकणचा माणूस गावी पळायचा, हे मुंबईला ठाऊकच आहे. पण सगळ्यांना रजा मिळत नसे. कुणाचे पैसे मनिऑर्डरीत गेलेले असत, कुणाला बदली कामगाराची जागा जाण्याची धास्ती असे. अशा मागे राहिलेल्यांचा सण खाणावळवाल्या बाईच्या चुलीवर व्हायचा. महिनाभर आमटी-भात, सुकट, बांगडा. त्या दिवशी मात्र काहीतरी गोड. पहिली सणाची थाळी शोधायची झाली तर ती तिथे शोधावी लागेल. त्या ताटाला फळा नव्हता आणि वेगळा दरही नव्हता.

या बायकांचा हिशेब कुणी मांडला असेल तर तो प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या आणि नंतर गिरणगावातल्या चळवळीत आलेल्या पुरवांना दिसलं, की संपाच्या दिवसांत गिरणी कामगार उपाशी राहत नाही, कारण खाणावळवाली उधारीवर जेवू घालते. आणि ती स्वतः सावकाराच्या व्याजात बुडते. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेच्या दारात उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तारणाशिवाय छोटं कर्ज देण्याची भाषा नवी होती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बसल्या तशी जेवणाऱ्यांची पंगत उठली. अन्नपूर्णेच्या बायका मग केटरिंगकडे वळल्या आणि चाळीतली चूल हळूहळू ऑर्डरींच्या स्वयंपाकाला लागली.

खाणावळीच्या दारात सगळ्यांना प्रवेश होता, असं मात्र समजू नये. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसाने छत्रपती शाहूंच्या पाठबळावर हॉटेल काढलं, तेव्हा तिथला चहा प्यायला स्वतः महाराज गाडी थांबवत. राजाने चहा प्यायला म्हणून दुकान चाललं, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. पण राजाला तो प्यावा लागला, यातच त्या काळाची सगळी हकीकत आली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी १९३३ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं उपाहारगृह सुरू केलं, तेव्हाही ती बातमी झाली. गिरगावात पत्रकार अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीची सहभोजनं घडवत होते. शेवटी १९५० मध्ये घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची दारं कायद्याने सर्वांना उघडली. सणाच्या दिवशी अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून, नाही तर निदान टेबलाला टेबल लावून, त्याच पातेल्यातली आमटी खाणं हे आज कुणाला जाणवतही नाही. ते पाडव्याच्या रांगेत आपोआप आलेलं नाही.

पुण्याची खाणावळ वेगळ्या वळणाने वाढली. इथे गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजचे विद्यार्थी, कारकून, बदलीवर आलेले मास्तर. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाउस काढलं. नाटक-सिनेमातल्या मंडळींचा तो हक्काचा अड्डा झाला. टिळक रस्त्यावरचं बादशाही बोर्डिंगही त्याच दशकातलं. तिथे आजही जेवायला जायचं तर आधी नाव द्यावं लागतं आणि जेवणाची वेळ टळली तर ‘संपलं’ हे उत्तर मिळतं. पुणेरी खाणावळीने गिऱ्हाइकाचे लाड केले नाहीत, आणि गिऱ्हाइकानेही ते कधी मागितले नाहीत.

या खाणावळींची एक नियमावलीच होती. महिन्याचे पैसे आगाऊ. गावाला जायचं तर आधी सांगून खाडा धरायचा. एक-दोन दिवसांचा खाडा वजा होत नाही, ओळीने चार-पाच दिवस असतील तर होतो. पाहुणा आणला तर जादा ताट. आणि रविवारी दुपारी फीस्ट, रात्री चूल बंद. ही फीस्ट म्हणजे सणाच्या ताटाची साप्ताहिक तालीम : जिलबी किंवा शिकरण, मसालेभात, कुरडई-पापड, एखादी तळण. दुपारी इतकं जेवायचं की रात्रीची भूकच मरावी, हा मालकाचा हिशेब असावा. विद्यार्थ्यांनी त्याला हसत हसत अनुमोदन दिलं. सण आला की तीच फीस्ट नाव बदलून यायची. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, नारळी पौर्णिमेला नारळीभात. ज्या मुलांनी घरापासून लांब चार-पाच वर्षं अशी काढली, त्यांच्या जिभेला सण आणि खाणावळ यांची जोडी पहिल्यांदा लागली. तीच मुलं पुढे नोकरदार झाली, फ्लॅट घेतला, आणि सणाला बायकोला म्हणाली, ‘कशाला राबतेस? बाहेरच जाऊ.’

पण बायकोने बाहेर जायचं, याला आधी एक दार उघडायला लागलं. इराणी आणि उडुपी हॉटेलांत कोपऱ्यात एक ‘फॅमिली रूम’ असे. लाकडी फळ्यांचे आडोसे, वर अर्धी पडद्याची दांडी, आत चार खुर्च्या. बाईमाणसाने बसायची ती जागा. बाहेरच्या दालनात पुरुष पेपर वाचत, सिगारेट ओढत, आणि घरंदाज बाईने तिथे बसणं बरं दिसत नसे. मराठी मध्यमवर्गातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यातला पहिला मसाला डोसा त्या पडद्याआड खाल्ला. थाळीच्या हॉटेलांचं सगळं वेगळं होतं. तिथे मोकळं दालन, वाढपी, आग्रह. लग्नाच्या पंगतीसारखंच वातावरण. काळबादेवीला १९४५ पासून चालू असलेलं ठाकर भोजनालय किंवा माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं केळीच्या पानाचं उडुपी बोर्डिंग, या अमराठी म्हणण्यापेक्षा मुंबईच्या सामाईक जागा; तिथे कुटुंबच्या कुटुंब जेवायला जाण्यात कमीपणा राहिला नाही. मराठी थाळीवाल्यांनी पोटभर वाढण्याची रीत तिथून उचलली, की लग्नाच्या मांडवातून, यावर वाद घालायला जागा आहे.

आणि सणाचा स्वयंपाक एका दिवसात घराबाहेर गेला, असंही नाही. तो तुकड्यातुकड्यांनी गेला. आधी पापड गेले : १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन जे लाटायला घेतले ते लिज्जत झाले. मग चक्का गेला. भिलवडीला १९३९ मध्ये दुधाच्या धंद्यात उतरलेल्या चितळ्यांचं पुण्यातलं मिठाईचं दुकान १९५० चं. दसरा-पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी चक्क्यासाठी रांगेत उभं राहणं हा पुणेकराच्या सणाचाच भाग होऊन बसला. मग तयार श्रीखंड डब्यात आलं, पुरणपोळ्या नगावर मिळू लागल्या, उकडीचे मोदक ऑर्डरीवर. घरी उरला तो वरणभाताचा कुकर. तो तेवढा घरी ठेवून बाकी सगळं विकत आणणाऱ्यांनी हॉटेलात जाणाऱ्यांना नावं ठेवणं तसं विनोदीच.

हॉटेलच्या मुदपाकखान्यात सणाची आदली रात्र कशी जाते, हे पाहण्यासारखं असतं. चक्का आणि साखर संध्याकाळीच कालवून ठेवतात, साखर विरघळायला वेळ द्यावा लागतो. मग तो यंत्रातून काढून त्यात केशर, वेलची, जायफळ. श्रीखंडाचं बरं असतं, ते आदल्या दिवशी करून थंड राहतं. पुरी तसं ऐकत नाही. ती फुगलेली असतानाच टेबलावर पोचली पाहिजे, पाच मिनिटांत तिची चामडी होते; म्हणून तळणारा आचारी सकाळी दहापासून चारपर्यंत कढईसमोरून हलत नाही. होळीला याहून कठीण. हरभऱ्याची डाळ रात्री शिजते, तिचा कट आमटीसाठी बाजूला काढतात, गूळ घालून पुरण आटवतात. उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं, ही परीक्षा घरी आणि हॉटेलात एकच. पहाटे पोळ्या लाटणाऱ्या बायका येतात. त्यांना मजुरी रोजावर किंवा नगावर. एक कणकेचा उंडा भरते, दुसरी लाटते, तिसरी तव्यावर टाकते. सण त्यांच्याही घरी असतोच. त्यांच्यातली एखादी दुपारी घरी जाताना चार पोळ्या पिशवीत घालून नेते आणि घरच्यांना संध्याकाळी वाढते.

इथे जुन्या काळाचा गोडवा गाणाऱ्यांना एक प्रश्न विचारता येतो. आजोबांच्या वेळच्या त्या घरच्या सणात आजी किती वाजता जेवत होत्या? पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, आणि बायका तीन-साडेतीनला, गार पोळी आणि तळाला गेलेली आमटी घेऊन. हॉटेलात आजींच्या ताटात पहिली वाटी इतरांच्या बरोबरीने पडते, हा फरक लहान नाही. ज्या रांगांवर टीका होते, त्या रांगांत बायकांचे चेहरे सहसा खुशीत असतात.

गंमत अशी, की ताटाची रीत घरापेक्षा हॉटेलानेच जास्त सांभाळली. घरोघरी आता पातेली टेबलावर मांडून ज्याने त्याने वाढून घ्यायचं. थाळीच्या हॉटेलात मात्र अजून डावी-उजवी आहे. आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर डाव्या हाताला. भाज्या आणि आमटीच्या वाट्या उजवीकडे. मधे भाताची मूद, वर वरण आणि तूप. वाढपी ओडिशाचा किंवा नेपाळचा असला तरी पंचामृत कुठे वाढायचं हे त्याला पुण्यात जन्मलेल्या मुलापेक्षा बरोबर ठाऊक असतं. आषाढी एकादशीला हीच हॉटेलं उपवासाची थाळी लावतात, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड पदार्थ. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण तिथे बिलासकट सिद्ध होते. नागपंचमीला मात्र हॉटेलची अडचण होते, कारण त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, अशी रीत. स्वयंपाकघर तर कोबी चिरल्याशिवाय उघडत नाही. तिथे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

आतापर्यंतची कथा श्रीखंड-पुरीची झाली. सगळा महाराष्ट्र काही तेवढ्यावर भागवत नाही. आषाढ अमावास्येच्या आधीचे रविवार, म्हणजे आखाड, हे ढाब्यांचे आणि मटणाच्या खाणावळींचे सुगीचे दिवस. श्रावण लागला की महिनाभर बंद, म्हणून त्याआधी टेबलं भरून वाहतात. होळीला घरी पुरणपोळी आणि धुळवडीला मटण हे गणित कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत चालतं. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सावजी भोजनालयांत पाय ठेवायला जागा नसते. कोष्टी विणकरांच्या घरगुती स्वयंपाकातून उभी राहिलेली ही भोजनालयं मुळात गिरणगावातल्या त्या खोल्यांसारखीच : घरातलीच चूल, घरातलाच मसाला, पुढच्या पडवीत गिऱ्हाइकं. तिथे सणाच्या दिवशी बाहेर जेवल्याचा अपराधीपणा कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही. तो सगळा श्रीखंडवाल्यांच्या वाट्याला आला आहे.

२०२० चा पाडवा २५ मार्चला आला, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या श्रीखंडाच्या दिवशी थाळीच्या हॉटेलांना कुलूप, आणि कितीतरी घरांत बऱ्याच वर्षांनी कणीक तिंबली गेली. पुढच्या सणांपर्यंत पार्सलची थाळी आली : आठ कप्प्यांचा डबा, वर घट्ट झाकण. कप्पे कारखान्यात ठरलेले असल्याने डावी-उजवीचा बोऱ्या वाजला, पण फोनवरून ऑर्डर करणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नसते. या डब्यामुळे नैवेद्याचीही सोय झाली. पूर्वी दूधसाखरेचा नैवेद्य दाखवून मंडळी हॉटेल गाठत, आता पार्सलमधलंच वेगळ्या वाटीत काढून देवापुढे ठेवतात. फ्लॅटमध्ये दोघंच राहणारे, मुलं परदेशी असलेले म्हातारे नवरा-बायको हे या डब्याचं मोठं गिऱ्हाईक. दोन माणसांसाठी पुरण घालायचं म्हणजे डाळ किती भिजवायची, हेच त्यांना समजेनासं झालेलं असतं.

काही सण मात्र अजून हॉटेलच्या हाती लागलेले नाहीत. पाडवा, दसरा, भाऊबीज, अक्षय तृतीयेचा आमरस हे सगळे बाहेर पडले, कारण त्यांत भेटणं आहे, खरेदी आहे, फिरणं आहे. ज्येष्ठा गौरी तशा निघत नाहीत. त्यांच्या जेवणाच्या दिवशी मराठवाड्यात आणि विदर्भात सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणाचे दिवे, आणि ते ज्या घरी गौरी उभ्या आहेत त्याच घरी. जेवायला भावकी यावी लागते. कुळाचाराचं पान पैसे मोजून मिळत नाही, असं घरातली वडीलधारी माणसं ठणकावून सांगतात. सोळा भाज्या निवडून-चिरून देणारी पाकिटं मात्र गौरींच्या आदल्या दिवशी मंडईत हातोहात खपतात.